रिट्रॅक्ट घ्यायचं की फिक्स गिअर? सांगली-साताऱ्याच्या जमिनीवर उडवणाऱ्या नवीन लोकांसाठी

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या, विमानात नवीन आलेल्या माणसाचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, चाकं आत जाणारी, म्हणजे रिट्रॅक्ट, घेऊ की कायम बाहेर राहणारी, म्हणजे फिक्स गिअर. टेक-ऑफ झाला की स्विच मारायचा, चाकं पंखात गडप आणि विमान एकदम खऱ्यासारखं दिसायला लागतं, आणि दिसतं भारीच, त्यात वाद नाही. पण हे ठरवताना सगळे विमानाचे फोटो आणि व्हिडिओ बघत बसतात, ज्या जमिनीवर ते उतरवायचंय ती जमीन कुणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात जमिनीपासून करा, मग स्वतःचं लँडिंग बघा, मग विमान बघा, आणि पैसे सगळ्यात शेवटी. या क्रमानं गेलात तर फार डोकं लावायला लागत नाही, उत्तर आपसूक समोर येतं.

एक घोळ आधीच मिटवू. चाकं कुठं आहेत आणि चाकं आत जातात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढं एक आणि मागं दोन चाकं असली की ट्रायसायकल, पुढं दोन आणि शेपटीला एक बारकं चाक असलं की टेल ड्रॅगर. या दोन्हीत फिक्सही असतं आणि रिट्रॅक्टही. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान, ते ट्रायसायकल आहे आणि चाकं फिक्स. स्पिटफायर टेल ड्रॅगर, पण चाकं आत जातात. आपल्याकडचं उदाहरण याहून चांगलं आहे. डॉ. वि. मा. घाटगे यांनी बंगळूरला डिझाईन केलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ ला उडालं, ते टेल ड्रॅगर आणि चाकं कायम बाहेर. पुढं त्यांच्याच नेतृत्वाखाली किरण हे जेट ट्रेनर तयार झालं, १९६४ ला पहिल्यांदा उडालं, आणि त्याला चाकं आत जाणारी ट्रायसायकल दिली. माणूस तोच, पण एक विमान हळू उडणारं आणि नवख्यांच्या हातात जाणारं होतं, दुसरं जेट होतं, म्हणून पाय वेगळे. आपल्यालाही विचार असाच करायचाय.

पायरी १: मैदान पायी फिरून बघा

डांबरी धावपट्टी हौशी माणसाला मिळणं आपल्याकडं अवघडच. मिळतं काय, तर गावचं क्रीडांगण, कॉलेजचं ग्राउंड, एखादा माळ, नाहीतर पीक निघालेलं रान. आणि आपल्या पट्ट्यात जमीन तासाभराच्या गाडीवर पार बदलते. वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठाला काळी जमीन, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगा अशा की बारकं चाक सरळ आत बसतं, पावसाळ्यात तर चाकाला चिखलाचे गोळे होऊन चाक फिरायचंच बंद होतं. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, इकडं माण-खटाव म्हणजे मुरमाड माळ, जमीन कडक आणि बऱ्यापैकी सपाट, पण बारके खडे आणि मैद्यासारखी धूळ. शाळू काढलेलं रान लांबून मोकळं दिसतं, जवळ गेलं की धसकटं उभी असतात, ती चाकाला अडवतातही आणि फोमच्या पंखाला खालून भोकंही पाडतात. कासच्या पठारासारख्या जागी मात्र जाऊच नका, ते फुलांचं ठिकाण आहे, जागतिक वारसा आहे, तिथं विमानाचं काही काम नाही.

आता एक सोपी टेस्ट सांगतो. जे चाक बसवणार आहात, किंवा त्याच व्यासाचं कुठलंही चाक, ते तारेच्या टोकाला अडकवा आणि तार हातात धरून जिथं उतरवणार त्या पट्ट्यावरून ढकलत चाला. जोर लावू नका, हलक्या हातानं. चाक कुठं अडकतंय, कुठं उडी मारतंय, कुठं गवतात गुंडाळतंय ते हाताला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही. ज्या ज्या जागी चाक थांबलं त्या जागी विमानाचं नाक जमिनीला टेकणार असं धरूनच चाला.

यामागचं गणित लोक लक्षात घेत नाहीत. चाकाच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढा खडा समोर आला, म्हणजे ५० मिमीच्या चाकापुढं ५ मिमीचा, तर तो चढून जायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या साधारण पाऊणपट आडवा जोर लागतो. खडा पाव हिश्शाचा असेल, म्हणजे साडेबारा मिमीचा, तर जोर पावणेदोनपट लागतो. हा सगळा जोर चाक धरणाऱ्या पायाच्या मुळावर येतो, तो पाय तारेचा असेल तर वाकून परत सरळ होतो, आणि रिट्रॅक्टचा असेल तर त्याची पिन वाकते नाहीतर बूड फोममधून उपटून येतं. तेच चाक ७५ मिमीचं केलं तर साडेबारा मिमीचा खडा सहाव्या हिश्शावर येतो आणि जोर जवळपास वजनाएवढाच राहतो. म्हणून खडबडीत जमिनीला मोठं चाक, यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही.

जागा शोधताना अजून एक. लँडिंगला येताना वाटेत ऊस नको. उसात विमान पडलं की चाकंबिकं राहू द्या, विमानच सापडत नाही, वरून सगळं सारखं दिसतं आणि आत शिरलं की दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. नाईलाजच असेल तर विमानात हरवलेल्या मॉडेलचा बझर टाका, रिसीव्हरच्या, म्हणजे विमानात रिमोटचे संकेत घेणाऱ्या पेटीच्या, मोकळ्या चॅनलला लागतो. आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघून घ्या, कराडला विमानतळ आहे, त्या बाजूच्या लोकांनी तर नक्कीच. ड्रोन नियम २०२१ मध्ये हौसेच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे, वजन २५ किलोच्या आत आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात, हे दोन्ही त्यात येतं.

मैदान बघून झाल्यावर निकाल असा लावा. गवत घोट्याच्या वर, ढेकळं, धसकटं असतील तर रिट्रॅक्ट विसरा, आणि खरं सांगायचं तर तिथं फिक्स गिअरही कामाचं नाही, तिथं चाकं काढूनच टाका, हातानं फेकून उडवा आणि पोटावर उतरवा. हा तिसरा पर्याय नवीन लोकांना कुणी सांगतच नाही आणि आपल्याकडच्या निम्म्या जागांना तोच शोभतो. फोमच्या विमानाच्या पोटाला खालून फायबर टेप मारायची, प्रॉप, म्हणजे विमानाचा पंखा, घडी होणारा लावायचा नाहीतर रबरानं धरलेला, टेकायच्या आधी थ्रॉटल, म्हणजे मोटरीचा जोर, पूर्ण बंद, झालं. मुरमाचं सपाट ग्राउंड, मोठे खडे वेचून काढलेले, तर फिक्स गिअर मस्त. रिट्रॅक्टला त्याच्याही वरची जमीन लागते, रोलर फिरवलेली पट्टी, क्रिकेटच्या ग्राउंडसारखं कापलेलं गवत, नाहीतर डांबर.

पायरी २: स्वतःचं लँडिंग बघा

हे कुणी बाहेरचा सांगू शकत नाही, स्वतःच बघायचं. सलग दहा लँडिंग करा आणि प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघा, पंखाखालची दोन मुख्य चाकं आधी टेकली का, आणि थांबल्यावर विमान सरळ उभं आहे का, म्हणजे नाकावर नाही, पंखावर नाही. मित्राला मोबाईलवर बाजूनं शूट करायला सांगा, कारण रेडिओ, म्हणजे रिमोट, हातात असताना आपल्याला सगळंच बरं वाटतं. दहापैकी दहा जमली आणि तीही वारा थोडा आडवा असताना, तर रिट्रॅक्टचा विचार करायला हरकत नाही. सात-आठ जमत असतील तर अजून फिक्सवरच राहा, त्यात कमीपणा काही नाही, उलट याच काळात हात तयार होतो.

याचं कारण असं की फिक्सचा पाय सरळ आपटण्याला पण तोंड देतो आणि तिरकं टेकण्याला पण. रिट्रॅक्टला आत एक बिजागरी असते, तिचं कुलूप एका ठराविक दिशेनं येणारा जोर चांगला घेतं, बाजूनं आलेला जोर मात्र सगळा एका बारक्या पिनवर जातो. नवीन माणूस नेमका बाजूनंच टेकतो, वाऱ्यानं ढकललेला असतो आणि रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, मारायचा सुचलेला नसतो.

पायरी ३: वजनाचा हिशोब कागदावर करा

समजा विमान १४०० ग्रॅमचं आहे आणि पंखाचं क्षेत्रफळ ३० चौरस डेसिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर जवळपास ४७ ग्रॅम. आता तीन रिट्रॅक्ट युनिट, त्यांचे पाय, प्लायचे माउंट, वायरी असं सगळं धरून फिक्सपेक्षा १५० ग्रॅम वाढलं असं समजू, तुमच्या सेटचं खरं वजन काट्यावर ठेवून बघा. १५५० ग्रॅमला तो आकडा ५२ वर जातो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की पंख विमान पेलत नाही तो वेग, वजनाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो, म्हणजे इथं पाचेक टक्के, आणि टेकताना पायांना जी ऊर्जा जिरवायची असते ती वजन गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ती थेट २२ टक्क्यांच्या आसपास वाढते. थोडक्यात पाय नाजूक केला आणि वर त्याच्यावरचा मार वाढवला. अनुभवी माणूस हे वजन पेलतो कारण त्याचं टेकणं हलकं असतं. नवीन माणसाला हे दोन्हीकडून बसतं.

आणि मिळतं काय? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० किमीच्या वेगाला ४० च्या चौपट. त्यामुळं १०० च्या वर पळणाऱ्या विमानाला चाकं आत घेतल्याचा खरंच फायदा होतो. ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, ४०-५० नं फिरतं, तिथं पायांचा अडथळा एवढा जाणवत नाही, आणि लँडिंगला तर तो उपयोगीच पडतो, विमान तरंगत पार पट्टीच्या टोकाला जात नाही, वेळेत खाली बसतं. पहिल्या विमानाला तो ब्रेक फुकट मिळतोय, काढू नका.

पायरी ४: पंखात जागा आहे का ते मोजा

हे सगळ्यात शेवटी लक्षात येतं आणि तोवर सामान घेऊन झालेलं असतं. पंखाची रुंदी २२० मिमी आणि जाडी त्याच्या १२ टक्के असेल तर सगळ्यात जाड जागी २६ मिमी भरते. त्यातून वरची-खालची कातडी गेली, स्पार, म्हणजे पंखाचा आतला कणा, सोडायचा, म्हणजे हातात राहिली २० मिमी. या २० मध्ये चाक आडवं झोपलं पाहिजे. मग चाक बारीक घ्यावं लागतं, जाडीला पण आणि व्यासाला पण, कारण मोठ्या चाकाचा खड्डा स्पार कापल्याशिवाय बसत नाही आणि स्पार कापायचा नसतो. आणि चाक बारीक झालं की पायरी १ मधलं गणित आठवा, तोच खडा आता जास्त मोठा झाला. रिट्रॅक्टवाल्या विमानांना गुळगुळीत पट्टी लागते त्याचं मूळ कारण हे आहे.

म्हणून बाजारातल्या साध्या ट्रेनरला नंतर रिट्रॅक्ट बसवायच्या नादी लागू नका. हवंच असेल तर ज्या विमानात कंपनीनंच खड्डे आणि माउंट दिलेत तेच घ्या.

पायरी ५: फिक्स घ्यायचं ठरलं तर ते नीट करा

बहुतेकांचं उत्तर इथंच येणार आहे, म्हणून यावर जरा थांबतो. फिक्स म्हणजे काहीतरी दुय्यम असं समजून लोक मिळेल ती तार वाकवून लावतात आणि मग विमान पळताना डावीकडं ओढतं म्हणून रडतात.

किलो-दीड किलोच्या विमानाला ३ मिमी ते ४ मिमी पियानो वायर घ्या. एकदम हलक्या, अर्ध्या किलोच्या आतल्या सनबोर्डच्या विमानाला सायकलचा २ मिमीचा स्पोकही चालतो, पण तो मऊ असतो, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. पियानो वायर तापवून वाकवायची नाही, तापवली की तिचा ताठपणा जातो आणि पहिल्याच टेकण्याला ती पसरते. व्हाइसमध्ये घट्ट पकडायची, वाकवायच्या जागी थोडी गोलाई राहील अशी, आणि हातोडीनं जवळून जवळून मारत वळवायची. एकदम काटकोनात कडक मोडली तर तिथं बारीक चीर पडते, दिसत नाही, पण तुटते तिथूनच. कापायला पक्कड वापरू नका, पकडीचे दात जातात आणि तार उडून डोळ्यात जायची भीती, ग्राइंडरच्या कटिंग चाकानं कापा, डोळ्यावर गॉगल हवाच. चाक बसवतो त्या जागी टोकाला कानशीनं एक बारका सपाट कट घ्या, चाक अडवणाऱ्या कॉलरचा स्क्रू त्या कटावर बसला की चाक निघून जात नाही. स्क्रूला निळं थ्रेडलॉक एक थेंब. हे काम घरी जमत नसेल तर कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला नमुना काढून दाखवा, चहा होईपर्यंत करून देतो.

ॲल्युमिनियमची पट्टी दिसायला नेटकी, वाकली तर हातानं सरळ करता येते, पण दोन-तीनदा सरळ केली की मग नवीनच घ्या. कार्बनचा पाय हलका आणि लवचिक, महाग, तुटला की तुटला.

पाय फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, लावताना नायलॉनचे बोल्ट वापरा नाहीतर रबर बँडनं बांधा. हा मुद्दा माझ्या मते अख्ख्या लेखात सगळ्यात कामाचा आहे. जोरात आपटल्यावर काहीतरी तुटणारच, ते काय तुटावं हे तुम्ही ठरवायचं. स्टीलचा बोल्ट लावला तर बोल्ट शाबूत राहतो आणि विमानाचं पोट फाटतं. नायलॉनचा बोल्ट पाच मिनिटांत बदलता येतो, खिशात चार ठेवले की दिवस वाया जात नाही.

आता चाकांची जागा. ट्रायसायकल असेल तर मुख्य चाकं सीजीच्या, म्हणजे विमानाचा तोल जिथं साधतो त्या जागेच्या, थोडी मागं, किती मागं त्याची परीक्षा अशी की विमान जमिनीवर ठेवून शेपूट बोटानं खाली दाबली तर ती सहज खाली जावी आणि सोडली की नाक आपोआप परत खाली यावं. शेपूट खालीच राहिली तर चाकं फार पुढं आहेत, दाबायला फारच जोर लागला तर फार मागं आहेत आणि मग टेक-ऑफला नाक उचलत नाही. टेल ड्रॅगरला उलट, चाकं सीजीच्या पुढं, वरच्या पंखाच्या बऱ्याच विमानात आस पंखाच्या पुढच्या कडेच्या सरळ खाली येतो. फार मागं असली की ब्रेक लागल्यागत विमान नाकावर उभं राहतं. दोन्ही चाकं वरून बघितली तर सरळ पुढं बघायला हवीत, टेल ड्रॅगरला एखादा अंश आत वळलेली चालतात, बाहेर वळलेली मात्र नको, विमान गिरकी मारतं. प्रॉपचं टोक आणि जमीन यात गवत असेल तर चार बोटं तरी जागा ठेवा.

दिसायला छान म्हणून चाकांवर टोपणं, ती व्हील पँट, लावतात. डांबरावर लावा. गवतात आणि चिखलात ती भरून चाक जाम होतं, पावसाळ्यात काढूनच ठेवा.

खडबडीत जागेला ट्रायसायकल घेऊ की टेल ड्रॅगर असं कुणी विचारलं तर मी टेल ड्रॅगर सांगेन, कारण पुढचं चाक हा सगळ्यात आधी वाकणारा पाय आहे. पण पळवायला शिकणं ट्रायसायकलवर सोपं, म्हणून ग्राउंड चांगलं असेल तर सुरुवात तिथून.

पायरी ६: रिट्रॅक्ट घ्यायचंच असेल तर कुठलं

तीन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीचं मेकॅनिकल, एक सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारी बारकी मोटर, काडीनं ओढून दोन्ही पाय फिरवतो, त्याला १८० अंश फिरणारा खास रिट्रॅक्ट सर्व्हो लागतो, साधा लावला तर काडी शेवटच्या कुलपापर्यंत पोचत नाही आणि सर्व्हो घुर्रघुर्र करत बॅटरी खात बसतो. दुसरं हवेवर चालणारं, विमानात बारकी टाकी, पंपानं हवा भरायची, चाल एकदम खऱ्यासारखी संथ, पण नळीचा एक जोड गळाला की संपलं. मोठ्या विमानवाल्यांचा तो प्रांत. तिसरं इलेक्ट्रिक, प्रत्येक पायाला स्वतःची मोटर आणि आत लांब स्क्रू, गाडीचा स्क्रू जॅक जसा हँडल सोडलं तरी खाली येत नाही तसा हा पाय करंट बंद झाला तरी आहे तिथंच राहतो. नवीन माणसानं हेच घ्यावं, दुसऱ्याचा विचार नको.

घेताना विमानाचं वजन बघून घ्या आणि एक नंबर वरचं घ्या, दीड किलोच्या विमानाला दोन-अडीच किलोपर्यंतचं युनिट. पायाची पिन किती मिमी आहे, ती सुटी मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण वाकणार ती पिनच. बिजागरीची पेटी धातूची असावी. पायात स्प्रिंग असलेला, दबणारा पाय मिळाला तर आपल्या ग्राउंडला तोच बरा.

करंटचं बघा. स्वस्तातल्या ३० ॲम्पिअरच्या ईएससीत, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, रिसीव्हर-सर्व्होला वीज देणारा जो बीईसी असतो तो बऱ्याचदा २ ॲम्पिअरचाच असतो. त्याच्यावर पाच सर्व्हो आणि वर तीन रिट्रॅक्ट मोटरी एकदम फिरल्या, त्यातला एक पाय अडकला, तर व्होल्टेज खाली जातं, रिसीव्हर बंद पडून परत चालू होतो आणि तेवढ्या वेळात विमान तुमचं ऐकत नसतं. ५ ॲम्पिअरचा वेगळा यूबीईसी, म्हणजे सुटा बीईसी, लावा. पूर्ण विमान वाचवणारी वस्तू आहे, यात काटकसर करू नका.

पायरी ७: बसवणं आणि टेबलावरची तपासणी

युनिट फोमला चिकटवायचं नाही. ३ मिमी प्लायची पाटी, युनिटपेक्षा दोन्ही बाजूनं चांगली मोठी, फोममध्ये इपॉक्सीनं बसवायची आणि तिच्याखाली लाकडाच्या पट्ट्यांत स्क्रू. जोर मोठ्या भागावर पसरला पाहिजे. थर्माकोलच्या पंखाला फेवीक्विक लावू नका, तो विरघळतो.

प्रॉप काढून ठेवा, मग बॅटरी लावा, आणि बॅटरी लावायच्या आधी रेडिओवरचा गिअरचा स्विच 'खाली' आहे का बघा. वर असेल तर बॅटरी लागताक्षणी चाकं मिटतात आणि विमान टेबलावर पोटावर आपटतं. बऱ्याच रेडिओंना चालू करताना स्विचची जागा चुकीची असेल तर ओरडायची सोय असते, ती लावून ठेवा.

विमान उलटं ठेवून चाकं वर-खाली करा, मग सरळ धरून करा. नजर शेवटच्या पाव भागावर ठेवा आणि कान मोटरीकडं. पाय पूर्ण खाली आला की आवाज टक्कन थांबायला हवा. कुरकुर चालू राहिली तर पाय कुठंतरी घासतोय किंवा चाक खड्ड्याच्या कडेला लागतंय. अडकल्यावर मोटर आपण होऊन थांबते हे खरं, पण मग पाय अर्धवटच राहतो. पूर्ण खाली आलेल्या पायाला बोटानं मागं-पुढं ढकलून बघा, थोडी लवचिकता तारेची असते, बिजागरीत मात्र कटकट वाजलं तर ढिलं आहे. सगळं बसवल्यावर सीजी चाकं खाली असताना आणि वर असताना दोन्ही वेळा तपासा, पुढचा पाय मागं झोपणारा असेल तर सीजी सरकतो.

पायरी ८: हवेतली सवय

चाकं खाली करायला विसरणं हा रिट्रॅक्टचा सगळ्यात मोठा धोका, आणि त्याच्यावर उपाय सवयीचाच. फिक्स गिअरवर असतानाच सुरू करा. रिसीव्हरच्या गिअर चॅनलला स्विचप्रमाणं चालू-बंद होणारा एक एलईडी जोडा, टेक-ऑफनंतर स्विच वर, आणि लँडिंगला येताना विमान आपल्या समोरून वाऱ्याच्या दिशेनं जात असताना स्विच खाली आणि तोंडानं मोठ्यानं 'चाकं खाली'. शेजारी उभा असलेल्यानं बघून 'तिन्ही दिसली' म्हणायचं. महिनाभर असं केलं की बोट आपोआप जातं. सिम्युलेटर असेल तर त्यातही रिट्रॅक्टवालं मॉडेल निवडा.

चाकं खाली आली की अडथळा वाढतो, विमान हळू होतं आणि बहुतेक वेळा नाक थोडं खाली जातं, म्हणून हे काम उंचीवर असतानाच उरकायचं आणि थ्रॉटल थोडा वाढवायचा. शेवटच्या वळणावर कधीच नाही.

एखादा पाय अडकला तर घाबरू नका. स्विच दोन-तीनदा वर-खाली करा, थोडं थांबत थांबत. समोरून संथ नेऊन मित्राला बघायला सांगा नक्की काय खाली आहे. एकच पाय खाली आणि बाकी वर असतील तर शक्य झालं तर तोही वर घ्या आणि गवतावर पोटावर उतरवा, थ्रॉटल बंद करून. एक मुख्य पाय वरच राहिला असेल आणि बाकीचे वर जात नसतील तर त्या बाजूचा पंख शेवटपर्यंत उचलून धरायचा, वेग पडला की तो आपसूक टेकतो. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून टायमर असा लावा की उतरताना बॅटरीत ३० टक्के तरी शिल्लक राहील.

घरी आल्यावर मऊ ब्रशनं स्क्रूमधली मुरमाची धूळ झाडा. तेल सोडू नका, तेलाला धूळ चिकटून लुगदी होते आणि मोटर जाम होते. पिन काढून सपाट काचेवर घरंगळवून बघा, डगमगली तर वाकलीय, ती सरळ करून परत घालू नका, नवीन घाला, आणि जुनी त्याच वेळी टाकून द्या म्हणजे चुकून परत बसवली जाणार नाही.